घरगुती रॅमजेट: परवानग्यांच्या नोंदी (नागपूर–काटोल, २०२५)

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी ही वही. इंजिनाची गणितं यात जवळजवळ नाहीत, ती पुस्तकांत मिळतात. कोणत्या टेबलावर काय अडलं, पैसे कुठे गेले आणि शेवटी काय जमलं, एवढंच. मंडळी अशी: मी (हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप), माझा साळा (काटोल तालुक्यात संत्र्याची बाग, जागा त्याची), एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर आणि त्यांची पोरं.

१२ जानेवारी

आराखडा ठरला. रॅमजेट हे जेट इंजिनच, पण त्यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे वर्कशॉपात होण्यासारखं काम. पण जागेवर उभं असलं की ते काहीच करत नाही. समोरून घुसणाऱ्या हवेच्या वेगातूनच त्याला दाब मिळतो. आवाजाच्या निम्म्या वेगाला तो जेमतेम १९ टक्क्यांनी वाढतो, दुप्पट वेगाला जवळपास आठपट होतो. म्हणजे आधी कोणीतरी ढकलायला हवं. पोरांचा प्रस्ताव: साखरेच्या इंधनाचं रॉकेट वेग देईल, मग रॅमजेट पेटेल. वर्गणी ₹८०,०००. फळ्यावरचं चित्र झकास. सरांनी ‘परवानगी’ असा एक रकाना काढला आणि त्यात ‘बघू’ असं लिहून ठेवलं.

१९ जानेवारी

साखर-रॉकेटला लागणारं पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५. काटोल-नरखेड पट्ट्यात प्रत्येक संत्रेवाल्याच्या गोदामात हे खत असतं. फवारणीला लागतं, कृषी केंद्रात बिलावर मिळतं. पोरं खूश: कच्चा माल घरचाच.

संध्याकाळी सरांच्या ओळखीतल्या एका साहेबांकडे गेलो. स्फोटकांच्या खात्यातून निवृत्त झालेले. पेसोचं, म्हणजे देशभरातल्या स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला. त्यामुळे ‘गावातलंच ऑफिस आहे, जाऊन विचारू’ असा आमचा सूर होता. साहेबांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “खत आणि साखर वेगवेगळ्या डब्यात आहे की एका?”

वेगवेगळ्या डब्यात असेल तर एक खत आणि एक किराणा. एका डब्यात आलं की ते ‘नायट्रेट मिश्रण’. स्फोटक नियम २००८ च्या वर्गवारीत वर्ग १ गनपावडर आणि लगेच वर्ग २ नायट्रेट मिश्रण: कोणतंही नायट्रेट आणि कार्बनयुक्त पदार्थ यांचं यांत्रिक मिश्रण, गंधक असो वा नसो. साखर कार्बनयुक्त आहे. संपलं. मिसळणं म्हणजे उत्पादन आणि विनापरवाना उत्पादनाला १८८४ च्या स्फोटक अधिनियमाच्या कलम ९ब खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. “दंड बघून हसू नका,” साहेब म्हणाले, “आधी कैद वाचा.” शिवाय १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा वेगळा. तो पोलिसांच्या हातातला. त्यात हेतू कायदेशीर होता हे दाखवण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं.

एका पोराने विचारलं, आमचं तर रॉकेट आहे, स्फोटक नाही, ते फुटणारच नाही. साहेबांनी अधिनियमातली व्याख्या उघडून दिली. फटाके, फ्यूज, डिटोनेटर यांच्या रांगेत ‘रॉकेट’ हा शब्दच छापलेला आहे.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. खताच्या पिशव्या साळ्याने फवारणीला वापरून टाकल्या.

२ फेब्रुवारी

मग परवानाच काढू, असं ठरलं. या एका वाक्यावर पुढचे काही आठवडे गेले. दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फटाके किंवा गनपावडर एका वेळी १५ किलोपर्यंत बनवायची असेल तर परवाना जिल्हाधिकारी देतात. त्याच्या वर गेलात की पेसो. आम्हाला एवढंसं लागणार, म्हणून पहिली वाट बरी वाटली. तिच्यात तीन खड्डे निघाले.

पहिला: परवाना माणसाला नसतो, जागेला असतो. शेडचा नकाशा, चारी बाजूंची सुरक्षा अंतरं, रस्ता, घरं, विजेच्या तारा. साळ्याच्या बागेतून महावितरणची लाइन जाते आणि विहिरीजवळ सालदाराचं घर आहे. अंतरं बसवायची तर बागेच्या मधोमध झाडं तोडून शेड बांधावी लागेल. साळा म्हणाला, “भाऊजी, झाडाला हात लावला तर तुमचं रॉकेट पहिले तुमच्यावरच सोडीन.”

दुसरा: परवाना मिळाला तरी बनवायचं ते ‘प्राधिकृत स्फोटक’ असावं लागतं. म्हणजे ते मिश्रण पेसोच्या मुख्य नियंत्रकांच्या यादीत हवं. आमचं मिश्रण कुठल्याच यादीत नाही आणि यादीत घालून घ्यायचं तर नमुने, चाचण्या, कंपनी. फटाक्याच्या परवान्यावर आपल्या मनाचं मिश्रण करता येत नाही.

तिसरा आमच्या गावचा. कोंढाळी रस्त्यावर बाजारगाव, पुढे नागपूरच्या वाटेवर धामणा. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, जून २०२४ मध्ये धामण्याला पुन्हा. त्या गावांतली माणसं आमच्या बागेत संत्री तोडायला येतात. अर्जात ‘रॉकेटचं इंधन’ हे शब्द घेऊन ग्रामपंचायतीसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही आणि ती व्हायला नकोच होती. परवाना असलेल्या, शिकलेल्या, सुरक्षा अधिकारी नेमलेल्या ठिकाणी हे होतं. आम्ही कढईत ढवळणार होतो.

संशोधनासाठी मुख्य नियंत्रकांची आगाऊ परवानगी घेऊन चाचणीपुरतं करण्याची सोय नियमांत आहे, पण ती प्रयोगशाळा, संस्था, विद्यापीठं यांच्या मापाची. साळा, मेहुणा आणि सर ही संस्था होत नाही. हा धागा सरांच्या कॉलेजाकडे दिला आहे.

खर्च: वकील, झेरॉक्स, मोजणीवाला मिळून ₹९,००० च्या आसपास. मोजणी करायला नको होती. आधी अंतरांचा तक्ता बघितला असता तर टेपसुद्धा काढावी लागली नसती.

१६ फेब्रुवारी

पर्याय दोन: हायब्रिड. मेण किंवा रबर हे घन इंधन आणि ते जळायला ऑक्सिजन पुरवणारा नायट्रस ऑक्साइड वायू त्यावर सोडायचा. दोन्ही वेगळे असतात तोवर दोन्हीपैकी काहीही स्फोटक नाही. चेन्नईजवळ ऑगस्ट २०२४ मध्ये उडालेलं रूमी-१ रॉकेट याच जातीचं होतं आणि त्यात पायरोटेक्निक (फटाक्यासारखं मिश्रण) नाही हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम सांगितलं होतं. वाट बरोबर वाटली.

इथे स्फोटकं सुटतात आणि गॅस सिलिंडर नियम २०१६ येऊन बसतात. त्यातली एक ओळ कामाची: ‘सिलिंडर’ म्हणजे ५०० मिलिलिटरपेक्षा मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं बंद धातूचं भांडं. त्या मापाची टाकी घरी वळून त्यात दाबाखाली वायू भरला, तर तुम्ही अमान्य सिलिंडर बनवलं आणि विनापरवाना भरलं. सिलिंडर मान्य नमुन्याचं हवं आणि भरणाऱ्याकडे भरण्याचा परवाना हवा. मोठ्या सिलिंडरमधून स्वतःच्या टाकीत गॅस ओतणं हेही भरणंच.

पोरांनी लगेच ४८० मिलिलिटरची टाकी काढली. व्याख्येतून सुटते, खरं आहे. पण त्यात मावणारा नायट्रस एवढा कमी की रॉकेट रॅमजेटला काय, स्वतःलाच धड उचलणार नाही.

आणि नायट्रस द्यायचा कोणी? मेडिकल गॅसच्या एका पुरवठादाराने हॉस्पिटलचं लेटरहेड मागितलं. नायट्रस ऑक्साइड औषधांच्या कायद्यात येतो, त्यामुळे त्याचं मागणं चुकीचं नव्हतं. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २६ जुलै २००७ ला कॅलिफोर्नियात मोहावीला नायट्रसच्या नुसत्या प्रवाहाच्या चाचणीत, काहीही न पेटवता, स्फोट होऊन तीन जण गेले. ती माणसं व्यावसायिक होती, खासगी अंतराळयान बनवणारी. हायब्रिड बंद. यावर चर्चा नको, असं मीच म्हटलं.

९ मार्च

आकाश. इंधनाचा प्रश्न सुटला असं धरून चाललो तर उडवायची परवानगी कोण देतो, हे शोधत होतो. सापडलं ते असं की एक माणूस ‘हो’ म्हणू शकत नाही, पण ‘नाही’ बरेच जण म्हणू शकतात.

१ जानेवारीपासून जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला. त्यात ‘वायुयान’ म्हणजे हवेच्या प्रतिक्रियेवर वातावरणात तोलून राहणारं यंत्र. फुगे, पतंग, ग्लायडर त्यात येतात. पंख नसलेलं रॉकेट हवेवर तोलत नाही, म्हणजे ते शब्दशः त्यात बसत नाही. ड्रोन नियम २०२१ विमान, रोटरक्राफ्ट आणि हायब्रिड यांच्याबद्दल बोलतात. त्यातही रॉकेट नाही. पोरांना वाटलं, सुटलो. सर म्हणाले, कायद्यात नाव नाही याचा अर्थ परवानगी आहे असा नसतो. तुमच्या अर्जावर सही करणारा कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. हवाई क्षेत्र एकच आहे. त्यात विमानतळ प्राधिकरण आहे, हवाई दल आहे आणि जमिनीवर पोलीस आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) ‘उडणाऱ्या वस्तूं’वर बंदी कोणत्याही आठवड्यात लागू शकते.

वर जायचंच म्हटलं तर इन-स्पेस, म्हणजे खासगी अंतराळ उपक्रमांना परवानगी देणारी केंद्राची संस्था. भारतीय अंतराळ धोरण २०२३ मध्ये आलं, त्याची कार्यपद्धती मे २०२४ मध्ये. उपकक्षीय (पृथ्वीच्या कक्षेत न जाता खाली येणाऱ्या) उड्डाणासाठी तिथे रीतसर अर्ज करता येतो. पण ती खिडकी कंपन्या आणि संस्थांची आहे. १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंच गेलेलं स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट इन-स्पेसच्याच परवानगीने गेलं. स्कायरूट आणि आम्ही एका रांगेत उभे राहणं जरा विनोदीच दिसलं असतं.

यूट्यूब बघून आलेल्यांसाठी: अमेरिकेत १२५ ग्रॅमपर्यंत इंधन आणि दीड किलोपर्यंत वजनाचं रॉकेट परवानगीशिवाय उडवता येतं, त्याला त्यांच्या विमान नियमांत ‘क्लास १’ असं नावच आहे. त्यावरच्या मापांना क्लब, प्रमाणपत्रं, हवाई क्षेत्राची सूट. तरीही तिथल्या हौशी मंडळींना अमोनियम परक्लोरेटचं इंधन स्फोटकांच्या यादीतून काढून घ्यायला दोन संघटनांनी मिळून २००० मध्ये सरकारवर खटला भरावा लागला आणि निकाल २००९ मध्ये लागला. आपल्याकडे ‘क्लास १’सारखा तळाचा खणच नाही. पहिली पायरी थेट कारखान्याची. सगळं दुखणं इथे आहे असं माझं मत. नियम कडक आहेत म्हणून माझी तक्रार नाही, लहान माप नाही म्हणून आहे.

६ एप्रिल

निर्णय. सरांनी फळा पुसला आणि नवीन प्रश्न लिहिला: आमच्या यंत्रात कायद्याला काय दिसतं? कायद्याला ‘रॉकेट प्रकल्प’ दिसत नाही. त्याला मिश्रण दिसतं, दाबाचं भांडं दिसतं, आकाशात गेलेली वस्तू दिसते आणि देशाबाहेर गेलेलं तंत्रज्ञान दिसतं. यातलं एकेक काढत जायचं आणि जे उरेल ते बनवायचं.

उरलं ते हे: रॅमजेट जमिनीवर स्टँडला बांधलेलं, समोरून ब्लोअरची हवा, इंधन एलपीजी. मिश्रण पेटण्याच्या क्षणी तयार होतं आणि तिथेच जळतं, साठवलं जात नाही. भांडं कंपनीचं सिलिंडर. एलपीजी १०० किलोपर्यंत साठवायला परवाना लागत नाही. वर काही जात नाही.

याला रॅमजेट म्हणायला लाज वाटते, कारण ब्लोअर जी हवा मारेल ती सेकंदाला चाळीसेक मीटर, म्हणजे महामार्गावरच्या सुसाट गाडीएवढी. थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, मिळणार नाही. पण ज्वाला त्या वाऱ्यात टिकते का, हा अर्धा प्रश्न तर सुटेल. पोरं नाराज. एक जण सोडून गेला, ड्रोनच्या टीममध्ये.

११ मे

काम ठप्प. ७ मेच्या ऑपरेशन सिंदूरनंतर वातावरणच असं आहे की ‘रॉकेट’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नाही. मुंबईत ड्रोन आणि तत्सम सगळ्यावर बंदी लागली आहे. आम्ही काही उडवत नाही, तरी स्टँड ताडपत्रीखाली झाकून ठेवला. लांबून तो तोफेसारखा दिसतो, हे साळ्याच्या सालदाराने दाखवून दिलं.

८ जून

कागद. आता आपण काही बेकायदा करत नाही, तर मग तसं लिहून ठेवू, असं ठरवलं. पोलीस स्टेशनला एक पानी पत्र: काय आहे, कुठे आहे, किती गॅस, कोण जबाबदार, सोबत फोटो. परवानगी मागितली नाही, फक्त ‘माहितीस्तव सादर’. हे महत्त्वाचं. परवानगी मागितली की समोरच्याला सही करावी लागते आणि ज्या गोष्टीचा नियम त्याला माहीत नाही तिच्यावर तो सही करणार नाही. माहिती दिली की त्याला फक्त आवकचा शिक्का मारायचा असतो.

पत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘रॅमजेट प्रणोदन चाचणी’ लिहिलं होतं. एका कार्यालयातल्या बाबूने ते वाचून पत्र परत केलं, साहेब आल्यावर या म्हणाला, साहेब काही आले नाहीत. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं ‘एलपीजी बर्नरची चाचणी (ब्लोअरसह)’. खोटं एक अक्षर नाही, यंत्र तेच आहे. शिक्का मिळाला.

ग्रामपंचायतीत सरपंचांनी विचारलं, “काय करून राहिले भाऊ तुमी? भट्टी लावून राहिले का?” भट्टी म्हटल्यावर गावात दुसराच अर्थ होतो, म्हणून बर्नर पेटवून दाखवायचं कबूल केलं. पटवाऱ्याने सातबारा बघितला आणि सांगितलं की पक्कं बांधकाम करू नका, नाहीतर अकृषकचं झंझट लागेल. स्टँड चाकांवर घेतला. ₹४,२०० जास्तीचे, पण हा सल्ला फुकट मिळाला.

२९ जून

दोन अडथळे, दोन्ही न सुचलेले.

एक: सिलिंडर. साळ्याच्या घरचं १४.२ किलोचं आणायचं नाही. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं २००० च्या एलपीजी आदेशानुसार गुन्हा आहे. रॉकेटसाठी सोडा, हॉटेलसाठीही चालत नाही. १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन माझ्या वर्कशॉपच्या उद्यम नोंदणीवर घेतलं. दोन सिलिंडर, अनामतीसह ₹९,५०० च्या घरात.

दोन: वीज. ब्लोअर साडेसात एचपी, थ्री-फेज. बागेत थ्री-फेज आहे, पण ती कृषीपंपाची. पंपाच्या कनेक्शनवर ब्लोअर चालवणं म्हणजे मंजूर कारणाबाहेरचा वापर, वीज कायदा २००३, कलम १२६, आकारणी दुप्पट दराने. आठ तासांच्या पाळीने येणारी वीज, कधी रात्री, कधी दिवसा, हा वेगळा मुद्दा. आम्ही केबल जोडूनही झालो होतो. लाइनमनच्या ओळखीचा एक जण आला, बघून म्हणाला, “हे काढा, दिसलं तर साळ्याचं कनेक्शन जाईल.” काढली. डिझेल जनरेटर भाड्याने, दिवसाचे ₹३,५०० अधिक डिझेल. आख्ख्या प्रकल्पात सर्वांत जास्त पैसा यात गेला. कोणत्याही रॉकेटच्या पुस्तकात कृषीपंपाचं कलम नसतं.

१७ ऑगस्ट

पहिली पेट. पावसाने उघडीप दिली तेव्हा. स्टेनलेसचा चार इंची पाइप, आत व्ही आकाराचा पत्रा ज्वाला धरायला, ठिणगीला स्कूटरचा प्लग आणि त्याला वीज देणारं सीडीआय. सिलिंडर दहा मीटर लांब, आयएसआयची सुरक्षा नळी, मध्ये झटपट बंद होणारा व्हॉल्व्ह, वाळूच्या बादल्या, दोन अग्निशामक.

ब्लोअर अर्ध्यावर असताना ज्वाला निळी, टोकाशी नारिंगी, आवाज घुमणारा. ब्लोअर पूर्ण केला की फट्‌ करून विझायची. पुन्हा, पुन्हा. पोरांनी व्ही पत्र्याचा कोन बदलला, मग रुंदी. फरक नाही. दोष पत्र्यात नव्हताच. रेग्युलेटरवर हात ठेवला तर बोट चिकटेल इतका गार, अंगावर पांढरा बर्फाचा थर. हॉटेलच्या शेगडीसाठीचा रेग्युलेटर, त्यातून आम्ही कितीतरी पट गॅस ओढत होतो. तो गुदमरत होता आणि ज्वालेला इंधन कमी पडत होतं.

झटपट उपाय म्हणून कोणीतरी सिलिंडर उलटं करून द्रव गॅस ओढू म्हणालं. नाही. वाफ काढायच्या सिलिंडरमधून, वाफेच्या रेग्युलेटरमधून द्रव काढायचा नाही. सिलिंडर गरम पाण्यात ठेवू, तेही नाही. दोन सिलिंडर समांतर, प्रत्येकाला औद्योगिक मापाचा वेगळा रेग्युलेटर. ३८ किलो गॅस, १०० च्या आत. ₹६,८००.

शेजारच्या बागेतले काका धुऱ्यावर येऊन उभे. आंबिया बहाराची फळगळ चालू आहे, ती आमच्या आवाजाने होते असं त्यांचं म्हणणं. फळगळ दरवर्षी याच दिवसांत होते, हे त्यांनाही माहीत आहे आणि साळ्यालाही. पण वाद घालून उपयोग नव्हता. ठरलं: सकाळी दहा ते दुपारी चार, एका वेळी वीस सेकंद आणि आधी फोन. आवाजाचे २००० चे नियम मी छापून नेले होते, खिशातच राहिले. काकांना फोन केलेला पुरला.

१४ सप्टेंबर

अमेरिकेत टूसॉनला असलेल्या भाच्याने ड्रॉइंग मागितली, तिथल्या क्लबच्या मित्रांना दाखवायला. पाठवणारच होतो. सरांनी थांबवलं. भारत २०१६ पासून क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाचा, म्हणजे एमटीसीआरचा सदस्य आहे आणि त्या यादीत रॅमजेट, पल्सजेट ही नावं स्पष्ट आहेत. आपली निर्यातीची स्कोमेट यादी तिच्याशी जुळवलेली आहे आणि ती फक्त वस्तूंना नाही, ई-मेलने गेलेल्या तंत्रज्ञानालाही लागू होते. मुख्य रोख लांब पल्ल्याच्या यंत्रणांवर आहे. आमचा वाऱ्यातला चुलाणा त्यात येण्याची शक्यता शून्यासारखी. तरी सरांचं म्हणणं, ज्या कागदावर ‘रॅमजेट’ लिहिलंय तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर देशाबाहेर टाकायचा नाही. पटलं. भाच्याला फोटो आणि फळगळीचा किस्सा पाठवला.

तो म्हणत होता, दिवाळीला येताना दोन छोट्या मोटारी बॅगेत आणतो, इथे दुकानात मिळतात. त्याला फोन करून ओरडलो. तयार रॉकेट मोटार हे स्फोटक, आयातीला पेसोचा परवाना, आणि विमानाच्या सामानात तर दोन्ही देशांत गुन्हा. कस्टम्सच्या रांगेत कळण्यापेक्षा मामाकडून कळलेलं बरं.

५ ऑक्टोबर

ब्लोअर पूर्ण, ज्वाला टिकली. व्ही पत्रा मूळच्याच कोनाचा आहे. मधे केलेले सगळे बदल परत काढले. पाइपच्या तोंडाशी लावलेलं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ९०० अंशांच्या वर गेलं आणि मग त्याची वायर जळाली. पाइपच्या शिवणीला निळा-सोनेरी रंग चढला आहे, टिगची वेल्ड तडकली नाही. सरपंचांना बोलावून दाखवलं. “एवढंच?” म्हणाले.

हिशेब: ₹८०,००० पैकी शिल्लक ₹३,१००. इंजिनाला, म्हणजे पाइप, पत्रा, वेल्डिंग यांना, ₹१४,००० च्या आत. बाकी जनरेटर, सिलिंडर, ब्लोअर (जुना, स्क्रॅपवाल्याकडून) आणि कागद.

२ नोव्हेंबर

पुढे दोन फाटे.

पोरांचा: इन-स्पेस आणि अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांची विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट्री स्पर्धा यंदा उत्तर प्रदेशात कुशीनगरकडे झाली. जागा, हवाई क्षेत्र आणि सुरक्षा यांची जबाबदारी आयोजकांची, विद्यार्थ्यांनी रॉकेट घेऊन जायचं. खरंच उडवायचं असेल तर सध्या कॉलेजातल्या पोरांना मी हीच वाट सांगेन. पुढच्या फेरीची तयारी त्यांनी सुरू केली आहे. ड्रोनच्या टीममध्ये गेलेला परत आलाय.

आमचा: रॅमजेटला वेगवान हवा हवी. ब्लोअरने ती मिळणार नाही, मोठ्या टाकीत हवा कॉम्प्रेस करून सोडावी लागेल. म्हणजे पुन्हा दाबाचं भांडं. या वेळी टाकी वळायच्या आधी नियम उघडले आहेत. भंगारात एक जुना एअर रिसीव्हर (दाबाची हवा साठवायची टाकी) बघून ठेवला आहे, नेमप्लेट शाबूत आहे, पण हायड्रॉलिक चाचणीचा शेवटचा कागद विकणाऱ्याकडे नाही. तो सापडेपर्यंत टोकन द्यायचं नाही असं ठरलंय. सक्षम व्यक्तीकडून नवीन चाचणी करून घ्यायला किती लागतील ते बुधवारी विचारणार आहे. जनरेटरवाल्याचे मागच्या वेळचे ₹१,२०० अजून द्यायचे आहेत.